पाचव्या रसवंतीची पाटी

कल्पना करा. डोळे मिटू नका, मिटलेत तर वाचणार कसं? उघड्या डोळ्यांनीच करा.

वैशाखातली दुपार आहे. चार तास तुम्ही लाल गाडीत बसून आहात. खिडकीच्या गजाला हात लागला की चटका बसतोय. फिरकीच्या तांब्यातलं पाणी मागच्या गावालाच संपलं. गाडी एका स्टँडात शिरते, थांबते, आणि समोर एका ओळीत पाच रसवंत्या. पाचही चरकांना घुंगरं बांधलेली आणि पाचही चरक छुनछुन फिरतायत. पाचही दारांवर नाव एकच, ‘श्री भैरवनाथ रसवंती गृह’. ऊस तोच, ग्लास तोच, भाव तोच. आता सांगा, तुम्ही कुठल्या रसवंतीत जाल?

उत्तराची घाई करू नका. मला ते सापडायला एक उन्हाळा लागला होता, आणि सापडल्यावरही मी ते एकदा हरवून बसले.

मी तेव्हा अकरा वर्षांची होते. पिंपळोलीच्या स्टँडवरची ती पाचवी, अगदी शेवटची रसवंती आमची. पाचही घरं एका गावची, एका भावकीतली. गावाचा देव भैरवनाथ, म्हणून धंद्याला नाव त्याचंच. दुसरं काही नाव द्यावं असं कुणाच्या मनातही येत नसे. शिवाय भावकीनं देवळात बसून तीन गोष्टी ठरवल्या होत्या. भाव सगळ्यांचा एक. ग्लास सगळ्यांचा एक. आणि दुसऱ्याच्या दारातलं गिऱ्हाईक हाक मारून ओढायचं नाही.

पहिली रसवंती गेनूनानांची. गाड्या थांबत त्यांच्या पुढ्यात. नाना माझ्या वडिलांचे चुलतभाऊ, आवाजानं मोठे आणि पोटानंही. वडिलांना मी आप्पा म्हणायची. आप्पांचा आवाज चरकाच्या घुंगरांच्याही खाली असायचा.

त्या वर्षी होळीनंतर आठवड्याभरातली गोष्ट. दुपारची गर्दी ओसरली होती. आप्पा चिपाडं वाळत टाकत होते आणि मी ग्लास विसळत होते. कोपऱ्यात उसाच्या दोन मोळ्या उभ्या होत्या, एक अर्धी आणि एक न सोडलेली.

“यमू,” आप्पा म्हणाले, “वाठारचा एक माणूस चरक बघायला यायचं म्हणतोय.”

“कशाला?”

“विकत घ्यायला.”

मी ग्लास खाली ठेवला. “मग आपण काय करायचं?”

“गावी जायचं. तुझी आई एकटी किती दिवस करणार? दोन एकर जिराईत, वर तुझा भाऊ लहान.” थोडा वेळ ते चिपाडं पसरत राहिले. “दिवसाला तीन मोळ्या खपल्या तर इथं राहण्यात अर्थ आहे. आपली दीड खपते. अक्षय तृतीयेपर्यंत बघू.”

आमच्या गावात शाळा चौथीपर्यंत होती. माझी पाचवी पिंपळोलीत चालली होती. गावी गेलं की शाळा संपली आणि शेळ्या सुरू, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. माझ्या दोन्ही मावसबहिणींचं तेच झालं होतं.

त्या दिवसापासून मी मोळ्या मोजायला लागले.

आप्पांनी हातपाय हलवले नाहीत असं नाही. बाकांवर फुलाफुलांचं मेणकापड घातलं. दुसऱ्या दिवशी गेनूनानांच्या बाकांवर मेणकापड, फुलं आमच्यापेक्षा मोठी. आप्पांनी एक आरसा टांगला, प्रवाशांना भांग पाडायला. तिसऱ्या दिवशी नानांकडं माणूसभर उंचीचा आरसा. आप्पांनी कुणाकडून तरी जुना रेडिओ आणला. नानांनी रेडिओही आणला आणि त्याला भोंगाही लावला.

“काय निवृत्ती,” नाना तिथूनच ओरडले, “उद्या काय आणणार आहेस ते आजच सांग की. बाजारात माझी खेप वाचंल!”

सगळी ओळ हसली. आप्पाही हसले. पण त्या संध्याकाळी आम्ही दीडच मोळी संपवली होती.

ग्लास विसळायचं काम माझं होतं असं मी म्हटलं ना? त्यामुळे एक गोष्ट फक्त मला माहीत होती. ग्लास रिकामे येत नसत. कुणाचा अर्धा, कुणाचा पाऊण भरलेला. मी तो रस बादलीत ओतायची. एकदा आप्पांनी ती बादली पाहिली आणि त्यांचा चेहरा उतरला.

“रसातच काहीतरी चुकतंय,” ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी ऊस बदलला. मग लिंबू वाढवलं. मग आलं वाढवलं, इतकं की गेनूनाना चव बघायला आले आणि खोकतच बाहेर गेले. “अरे निवृत्ती, रस विकतोयस का काढा?”

बादली भरतच होती.

शेवटी मी एका म्हाताऱ्या बाबांच्या मागं पळाले. धोतर, हातात छत्री. अर्धा ग्लास ठेवून ते लगबगीनं निघाले होते.

“बाबा, रस आवडला नाही का?”

“आवडला की! झकास आहे.”

“मग ठेवला का?”

“अगं पोरी, तुझ्या रसापायी गाडी चुकली तर मुक्कामाला तुझ्याकडं येऊ का?”

ते गाडीत चढले. मी गाडीकडं पाहिलं. गाडीत ड्रायव्हर नव्हता. कंडक्टरही नव्हता. दोघं कँटीनमध्ये भजी खात होते.

त्यानंतर दोन दिवस मी ग्लास विसळता विसळता फक्त माणसं पाहिली. सगळे रस उभ्यानं प्यायचे. तोंड गाडीकडं आणि पाठ आमच्याकडं. कुठलीही गाडी गुरगुरली की, आपली असो नसो, एक घोट टाकून पळायचे. आमची रसवंती सगळ्यांत लांब, म्हणून आमच्याकडं ग्लास सगळ्यांत जास्त भरलेले. बरेच जण तर गाडीच्या दाराचा दांडा धरून उभे असत, ओठांवरून जीभ फिरवत, पण पाचांतल्या एकाही रसवंतीत येत नसत.

मेणकापड त्यांना दिसतही नव्हतं.

मी स्टँडच्या कंट्रोलच्या खिडकीशी गेले. आत पोतनीस साहेब बसत. कोणती गाडी कधी आली, कधी सुटली, हे ते लिहीत. त्यांच्या चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली होती आणि त्यांना कुणी हसलेलं पाहिलं नव्हतं.

“साहेब, फलटण गाडी कधी सुटणार?”

“तुला कुठं उतरायचंय?”

“मला नाही जायचं.”

“मग कशाला विचारतेस?”

“माझ्या गिऱ्हाइकांना जायचंय.”

त्यांनी मान वर केली. मी सगळं सांगितलं. बादलीचं, बाबांचं, भज्यांचं. ते ऐकत होते की नाही कळत नव्हतं, कारण लिहिणं चालूच होतं. मग त्यांनी टाक खाली ठेवला.

“कंडक्टर इथं येऊन सही घेतो. सही घेतल्याशिवाय गाडी हलत नाही. म्हणजे गाडी कधी सुटणार, हे दोघांनाच ठाऊक असतं. देवाला आणि मला. देव काही सांगत नाही. मी सांगेन, पण विचारलंस तर.”

“विचारीन.”

“दर गाडीला येऊन विचारायचं. कालचं आज चालत नाही. वेळापत्रक भिंतीवर असतं, गाडी रस्त्यावर असते.”

आम्ही राहायचो त्या खोलीवरून मी माझी शाळेची पाटी आणली. आप्पांनी लाकडी चौकटीला तार बांधून ती बाहेरच्या खांबाला टांगली. मी लिहिलं, ‘फलटण. सुटणार १२.२०’. आणि खाली बारीक अक्षरांत, ‘सुटण्याआधी हाक मारू. बसा.’

पहिल्या दिवशी लोक नुसते वाचून गेले. दुसऱ्या दिवशी एक जोडपं बसलं. खरोखर बाकावर बसलं, चपला काढून. मी बारा-अठराला हाक मारली, “फलटणऽ, चला!” ते उठले, गाडीत चढले आणि मगच डबल बेल झाली. बाईनं खिडकीतून मला हात केला.

त्यांचे दोन्ही ग्लास रिकामे होते.

आठवड्याभरात आमच्याकडं एक नवीनच प्रकार सुरू झाला, दुसरा ग्लास. माणूस निवांत बसला की त्याला दुसरा ग्लास सुचतो, हे आप्पांनाही तेव्हाच कळलं. दोन मोळ्या झाल्या. मग अडीच. उन्हाळ्याची सकाळची शाळा होती, साडेअकराला मी सुटायची ती थेट कंट्रोलच्या खिडकीशी. आप्पा चरकावरून विचारायचे, “काय म्हणाले?” आणि मी पाटी लिहायची.

“ही रसवंती आहे का चौकशीची खिडकी?” गेनूनाना म्हणाले. चौथ्या दिवशी त्यांच्याकडं भलामोठा फळा आला. त्यावर वेळापत्रकातल्या सगळ्या गाड्या. खडूनं नाही, ऑइल पेंटनं, रंगाऱ्याकडून रंगवून घेतलेल्या.

“आता बोल!” नाना म्हणाले.

पण गाड्या काही त्या रंगाप्रमाणे येईनात. नानांच्या फळ्यावर सोलापूर गाडी सुटून गेलेली असायची तेव्हा ती अजून स्टँडात आलेलीही नसायची. लोक फळा बघायचे, घड्याळ बघायचे, आणि आमच्याकडं यायचे. चैत्र अर्धा सरता सरता एके संध्याकाळी आप्पांनी तिसरी मोळी सोडली. तिची दोरी त्यांनी नीट गुंडाळून खिशात ठेवली.

आणि मला गाड्या पाठ झाल्या.

हे लक्षात ठेवा. कुठली गाडी किती थांबते, कुठला कंडक्टर दोन चहा पितो, कुठला ड्रायव्हर सावलीत पाच मिनिटं डुलकी घेतो, सगळं पाठ. पोतनीस साहेबांकडं जायचं, ते सांगायचे, आणि ते मला आधीच माहीत असायचं. मग एखाद्या गाडीला मी गेले नाही. काही बिघडलं नाही. मग आणखी एका गाडीला गेले नाही.

अक्षय तृतीयेला तीन दिवस होते. लग्नसराई होती, सगळ्या गाड्या भरभरून येत होत्या. सोलापूर गाडी वीस मिनिटं थांबायची. त्या दिवशी ती चाळीस मिनिटं उशिरा, एक वाजता शिरली. आमच्याकडं दहा-बारा माणसं बसली होती, ग्लास संपले होते, मी विसळत होते. आप्पा म्हणाले, “यमू, पाटी!”

मी हात परकराला पुसले. कंट्रोलच्या खिडकीशी जायला शंभर पावलं होती. मी गेले नाही. लिहिलं, ‘सोलापूर. सुटणार १.२०’.

पिवळ्या लुगड्यातली एक बाई आली. हातात तांब्या. तिनं पाटी बघितली, पण वाचता येत नसावं.

“बाळा, सोलापूरची गाडी थांबंल ना? पोरगं झोपलंय आत. चार वर्साचं हाय. उठवलं तर किरकिर करंल. त्याच्यासाठी रस न्यायचा हाय तांब्यात.”

“वीस मिनिटं थांबते,” मी म्हणाले. “बसा निवांत.”

ती बसली. पदरानं वारा घेतला. आप्पांनी तिला ग्लास दिला, तांब्यासाठी वेगळा ऊस घातला. ती मला विचारत होती, “कितवीत हाईस गं?” आणि मी म्हणत होते, “पाचवीत.”

तेव्हाच डबल बेल झाली.

मला वाटलं, दुसरी कुठली गाडी असेल. मी वळून पाहिलं. सोलापूर गाडी कडुनिंबाला वळसा घालून फाटकातून बाहेर पडत होती. एक वाजून दहा मिनिटं झाली होती.

“माझं पोरगं!” बाईच्या हातून तांब्या सुटला. ती धावली. धुळीत धावताना तिची एक चप्पल निघाली ती तिथंच राहिली. गाडी डांबरी रस्त्याला लागली आणि लहान होत गेली.

सगळ्यांत आधी हलले ते गेनूनाना. चरक तसाच फिरता ठेवून त्यांनी त्यांची राजदूत काढली, दोन लाथांत चालू केली आणि बाईपुढं आडवी घातली.

“बसा मागं! पदर खोचा आधी, चाकात जाईल! आणि रडू नका, मला रस्ता दिसंनासा होतो!”

ती बसली. दोघं धुरळ्यात दिसेनासे झाले.

आप्पांनी चरक थांबवला. मग शेजारच्यानं. मग त्याच्या शेजारच्यानं. नानांचा चरक कुणीतरी जाऊन बंद केला. पाचही चरक एकदम गप्प झालेले मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकले. आमच्याकडं बसलेली माणसं उठून बाहेर उभी राहिली. मी खाली सांडलेला रस पाहत होते. त्याला मुंग्या लागायला सुरुवात झाली होती.

चार वर्षांचं पोर जागं झालं असेल का? शेजारी अनोळखी माणसं. आई नाही. कुठल्यातरी थांब्यावर ते खाली उतरलं तर? मी एकेक थांबा मनात घेत होते. मला सगळे थांबे पाठ होते ना!

अर्धा तास गेला असेल. राजदूतचा आवाज आला. सगळी ओळ रस्त्याकडं धावली.

गेनूनाना एकटेच होते.

“नाना!” आप्पा म्हणाले.

नानांनी गाडी स्टँडला लावली. केस, मिशा, भुवया, सगळं मातीचं. ते सरळ आमच्या रसवंतीत आले आणि बाकावर बसले.

“रस दे.”

“अहो नाना, पोराचं काय झालं?”

“आधी रस दे. घशात अर्धा रस्ता अडकलाय.”

मीच चरक चालू करून ऊस घातला. नानांनी ग्लास घेतला आणि एका दमात, शेवटच्या थेंबापर्यंत प्यायले. मिशी पुसली. आजूबाजूला वीस-पंचवीस माणसं श्वास धरून उभी.

“रेल्वेचं फाटक बंद होतं,” नाना म्हणाले. “मालगाडी आडवी. अशी लांब मालगाडी की मी म्हटलं, बाबा, आणखी चार डबे जोड. आमची सोलापूर गाडी तिच्यापुढं उभी.”

“आणि पोरगं?”

“पोरगं कसलं! मागच्या सीटवर तंगड्या पसरून घोरत होतं. आईनं उचलून छातीशी धरलं, मुके घेतले, रडून त्याचं डोकं भिजवलं, तरी उठंना! कंडक्टर म्हणाला, बाई, त्याला झोपू द्या, आता तुम्हीच निजा.”

हसू असं फुटलं की दोन गाड्यांतले प्रवासी खिडकीतून डोकावले. कुणी नानांच्या पाठीवर थाप मारली, धूळ उडाली, आणखी हसले. आप्पा खांबाला टेकून उभे होते, डोळे पुसत होते आणि हसतही होते. मी जमिनीवरच बसले.

गर्दी बाजूला झाली. पोतनीस साहेब आले होते.

“सापडलं?”

“सापडलं साहेब.”

“बरं झालं.” त्यांनी चष्मा काढून पुसला आणि परत घातला. “आता त्या कंडक्टरला सोडत नाही. गाडी उशिरा आली म्हणून मी थांबा दहा मिनिटांवर आणला, त्याला सांगितलं, माणसं बघून सोड. बाई खाली आहे हे कळत नाही? रिपोर्ट लिहितो वरती.” ते खिडकीकडं परत निघाले.

“लिहाच,” कुणीतरी म्हणालं. “माणसं मोजायला नकोत?”

“कंडक्टरचीच चूक,” चौथ्या रसवंतीवाले म्हणाले.

चरक पुन्हा सुरू झाले. आप्पा खांबाशी गेले. पाटीवर अजून माझं अक्षर होतं, ‘सोलापूर. सुटणार १.२०’. त्यांनी ती काढली आणि मांडीवर घेऊन बसले.

“यमू, साहेब म्हणाले दहा मिनिटं.”

मी एक ग्लास उचलून विसळायला लागले.

“तुला त्यांनी वीस सांगितली होती?”

मी मान हलवली. नाही.

“तू गेली होतीस विचारायला?”

मी पुन्हा मान हलवली. आप्पा रागावले असते तर बरं झालं असतं. ते नुसते पाटीकडं पाहत राहिले.

गेनूनाना अजून बाकावरच होते. त्यांनी ऐकलं होतं. ते पुढं झुकले आणि त्यांच्या आयुष्यात पहिल्यांदा हळू आवाजात बोलले. “गप बसा दोघंही. पोरगं सापडलंय. कंडक्टरला बोलणी खावी लागतील, तो खाईल. हे बाहेर आलं तर साहेब पाटी बंद करतील. पाटी गेली की तुझ्या मोळ्या गेल्या, निवृत्ती. तीन दिवसांवर तृतीया आहे.”

आप्पांनी माझ्याकडं पाहिलं. जा म्हणाले नाहीत, थांब म्हणाले नाहीत.

ती शंभर पावलं मी तेव्हा चालले.

पोतनीस साहेबांपुढं कागद होता. वर तारीख घातलेली, खाली दोन ओळी. टाक चालत होता.

“साहेब, त्या बाईला मी सांगितलं होतं, वीस मिनिटं आहेत म्हणून.”

टाक थांबला.

“मी तुम्हाला विचारलं नव्हतं. पाटीवर मनानंच लिहिलं. मला वाटलं, मला पाठ आहे.” पुढचं बोलताना मला रडू आलं, म्हणून ते तुटक तुटक बाहेर पडलं. “ती मला म्हणाली होती... पोरगं झोपलंय म्हणून... मी म्हटलं, बसा निवांत.”

बाहेर कुठलीतरी गाडी मागं घेत होती, कुणीतरी “येऊ द्या, येऊ द्या” म्हणत होतं.

“किती गाड्यांना विचारलं नाहीस?”

“आजची धरून पाच.”

“पाच.” त्यांनी कागद उचलला, पुन्हा वाचला, चार घड्या घातल्या आणि खणात टाकला. “माणसं त्यानं बघायलाच हवी होती, ते मी त्याला तोंडी सांगेन. कागद नको.”

“आणि पाटी?”

“पाटीचं काय?”

“बंद करायची?”

“पाटीनं काय केलंय?” ते म्हणाले. “इथं बस.” खिडकीच्या आतून त्यांनी एक स्टूल पायानं ढकललं. “नाक पूस. पाणी पी. आणि आता विचार.”

“काय विचारू?”

“ज्यासाठी येतेस ते.”

मी नाक पुसलं. “साहेब, फलटण गाडी कधी सुटणार?”

“पावणेतीनला आत येईल. तीनला सोडतो. एक मिनिट आधी नाही, एक मिनिट नंतर नाही. जा.”

मी परत आले तेव्हा आप्पा तसेच बसले होते. मी म्हणाले, “फलटण. तीन वाजता.” त्यांना कळायला थोडा वेळ लागला. मग त्यांनी खिशातून रुमाल काढून पाटी पुसली, अगदी कोपऱ्यांपर्यंत, आणि माझ्या हातात दिली. त्यांनी एवढा मोठा श्वास सोडला की गेनूनाना म्हणाले, “अरे, भाता आहेस का माणूस?”

“नाना,” आप्पा म्हणाले, “तुम्ही वाठारवरून जाणार आहात ना उद्या? त्या चरकवाल्याला सांगा, येऊ नको म्हणावं.”

“ते मी गेल्या सोमवारीच सांगितलंय.”

“सोमवारी? कुणाला विचारून?”

“विचारायचं काय त्यात? तू गेल्यावर मी कुणाचं बघून बदलू?” नाना उठले, पँट झटकली आणि आपल्या चरकाकडं गेले. त्या संध्याकाळी त्यांनी ऑइल पेंटचा फळा उलटा करून त्याचा ग्लास ठेवायला ओटा केला.

पावणेतीनला फलटण गाडी आली. तीनला पाच मिनिटं असताना मी नेहमीसारखी हाक मारली. बसलेले उठले, गेले. एरवी मी तिथंच थांबले असते. त्या दिवशी मी त्यांच्यामागून गेले आणि गाडीत चढले. कंडक्टर म्हणाला, “काय गं?” मी म्हणाले, “बघतेय.” मी पुढून मागं एकेक सीट पाहत गेले. झोपलेलं पोर कुठं नव्हतं. पण तिसऱ्या खिडकीशी जागा धरायला टाकलेला एक निळा रुमाल होता, आणि त्याच्यावर माणूस नव्हता.

मी दारात आले, दांडा धरला आणि साऱ्या स्टँडला ऐकू जाईल अशी ओरडले, “निळा रुमाल कुणाचाऽऽ? गाडी सुटतेय!”

गेनूनानांच्या रसवंतीतून एक माणूस मिशी पुसत पळत सुटला. कंडक्टरचा हात दोरीवर होता. मी म्हणाले, “थांबा मामा,” आणि सगळ्या सीटा बघायला पुन्हा आत शिरले.